‘पाणी’ : एका शब्दाचा अर्थनिर्णय

१

गेली अठरा वर्षे मी पदव्युत्तर वर्गांना साहित्यशास्त्र शिकवते आहे. शब्दशक्तींचे प्रकरण आले की प्राचीनांनी वापरून गुळगुळीत केलेले ‘गंगेवर गौळवाडा’ हे उदाहरण मी फळ्यावर लिहिते. नदीच्या प्रवाहावर वाडा वसू शकत नाही, म्हणून मुख्यार्थाला बाध येतो. प्रवाहाशी सान्निध्याच्या नात्याने जोडलेला ‘तीर’ हा अर्थ पुढे येतो. आणि ‘तीरावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे गारवा व पावित्र्य सुचवण्याचे प्रयोजन साधते. मुख्यार्थबाध, मुख्यार्थयोग, आणि रूढी अथवा प्रयोजन या लक्षणेच्या तीन अटी विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशाच्या तशा लिहितात. या उदाहरणात कोणाचे काही पणाला लागलेले असू शकते, असे मला कधी वाटले नव्हते. ते वाटावे असा एक प्रसंग २०२३ च्या सप्टेंबरात डॅन्यूब नदीवरील एका प्रवासी जहाजावर घडला. त्याविषयी लिहिताना प्रवासवर्णन करण्याचा हेतू नाही. मी शिकवते त्या गोष्टीची परीक्षा माझीच घेतली गेली आणि तीत मी अनुत्तीर्ण झाले, एवढ्यापुरताच त्या प्रवासाचा येथे संबंध आहे.

माझी थोरली चुलतबहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, १९८२ साली लग्न होऊन जर्मनीला गेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मूळचे शिरोळकडचे. ते १९७८ पासून तिकडेच होते आणि स्थापत्य अभियंता म्हणून पाणीपुरवठ्याची बांधकामे करीत निवृत्त झाले होते. २०२१ च्या जानेवारीत त्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला आणि वाचा गेली. गेली म्हणजे पूर्णपणे गेली नाही. पण त्रेचाळीस वर्षे ज्या भाषेत त्यांनी नोकरी केली, भांडणे केली, मुले वाढवली, ती जर्मन जवळजवळ सगळी गेली. इंग्रजीही गेली. राहिली ती मराठी, आणि तीही चाळीस-पन्नास शब्दांची. नदीप्रवासाची तिकिटे अक्काने काढली. बुडापेस्टहून निघायचे आणि आठवड्याने बल्गेरियातील रुसे येथे उतरायचे, असा बेत होता. “तू चल, मला एकटीला जमायचं नाही,” असे ती फोनवर म्हणाली. मी पाहुणी म्हणून गेले, तरी माझे तेथील काम दुभाष्याचे असणार हे दोघींनाही ठाऊक होते.

२

जहाजावर दीडशेच्या आत प्रवासी होते. पहिल्याच संध्याकाळी सुरक्षेचे प्रात्यक्षिक झाले. सूचना तीन भाषांतून सांगितल्या गेल्या, आणि मग एका तरुणीने तोंडातून अक्षरही न काढता जीवनरक्षक जाकीट अंगात घालून, पट्टे आवळून दाखवले. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे जे चार प्रकार सांगितले, त्यांपैकी वाचिकाला तेथे रजा मिळाली होती. दाजींना त्यातले सगळे समजले. तिन्ही भाषांतल्या सूचनांपैकी त्यांना किती समजले असते, याची मला शंका आहे.

जलप्रवासात भाषेचा प्रश्न जीवनमरणाचा असतो, हे अनुभवाने सिद्ध झालेले आहे. एप्रिल १९९० मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या जहाजाला आग लागून १५९ माणसे दगावली, तेव्हा कर्मचाऱ्यांना एकमेकांची आणि प्रवाशांची भाषा न समजणे हे हानीच्या कारणांपैकी एक ठरले. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली समुद्रावरील संज्ञापनासाठी प्रमाण वाक्यांचा एक संच स्वीकारला. त्याची भाषा इंग्रजी असली तरी ती काटछाट केलेली इंग्रजी आहे. एकाहून अधिक अर्थ संभवतात अशा ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ यांसारख्या क्रियारूपांना तीत शक्यतो थारा नाही. एका शब्दाचा एकच अर्थ, एका अर्थासाठी एकच शब्द. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही निव्वळ अभिधेची भाषा आहे. लक्षणा आणि व्यंजना तिच्यातून हेतुपुरस्सर हद्दपार केलेल्या आहेत. आगीच्या वेळी अशीच भाषा हवी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र आग विझल्यावर माणसांना जेवायच्या टेबलाशी एकत्र बसायचे असते, आणि तेथे ही भाषा कामाची नसते.

आमच्या टेबलाशी आठ जण होतो. लियोंचे एक निवृत्त दांपत्य, ज्यांचे इंग्रजी दहा-बारा शब्दांचे. लाइपत्सिगच्या एक विधवा बाई, ज्या पूर्व जर्मनीत वाढल्यामुळे शाळेत सक्तीची रशियन शिकलेल्या. वेल्समधले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. पत्नीला वेल्श येत नसल्यामुळे आपण घरी ती भाषा फक्त कुत्र्याशी बोलतो, असे त्यांनी पहिल्याच रात्री सांगितले. आणि आम्ही तिघे. या आठ जणांना समान अशी एकही भाषा नव्हती. जर्मन तिघांना येत होती, पण त्यांपैकी अक्का आणि लाइपत्सिगच्या बाई दोघीच ती बोलू शकत, तिसरे दाजी. इंग्रजी चौघांना. फ्रेंच दोघांना. मराठी आम्हा तिघांना, दाजींची अडीच गणली तर.

पहिले दोन दिवस सारे हवेविषयी, सुपाविषयी आणि नदीच्या रुंदीविषयी बोलत होते. मालिनोव्स्कीने १९२३ साली ज्याला संपर्कपर भाषाव्यवहार म्हटले, आणि याकोब्सनने पुढे आपल्या सहा भाषिक कार्यांत ज्याला स्थान दिले, तो हा प्रकार. माहिती देणे हा त्याचा हेतू नसतो; संबंधाची तार जोडलेली आहे ना, एवढेच तो पाहतो. आपल्याकडे ‘काय, पाऊसपाणी कसं आहे?’ असे विचारणाऱ्याला पर्जन्यमानाचे आकडे नको असतात.

या व्यवहारात दाजी कोणाहूनही कमी नव्हते, हे मला हळूहळू लक्षात आले. वाचाघात झालेल्या माणसाची विधान करण्याची शक्ती जाते, पण आपोआप येणारी भाषा, म्हणजे मोजणी, वारांची नावे, शपथा, पाठ केलेल्या गोष्टी, पुष्कळदा शाबूत राहते, हे निरीक्षण ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. दाजींच्या बाबतीत पाढे शाबूत होते. लियोंच्या बाईंनी त्यांना फ्रेंचमध्ये काही विचारले की ते मान तिरकी करून, स्वर खाली आणून, विचारपूर्वक म्हणत, “सात दुणे चौदा.” बाई हसून आणखी काही म्हणत. दाजी भुवया उंचावून प्रश्नार्थक सुरात विचारत, “सात त्रिक?” आणि संभाषण पुढे जाई. पॉल ब्रोकाने १८६१ साली तपासलेल्या प्रसिद्ध रुग्णाला ‘तां’ या एका अक्षराखेरीज फारसे काही बोलता येत नव्हते, पण तेच अक्षर तो निरनिराळ्या सुरांत बोले, असे आपण वाचतो. सूर हा भाषेचा अलंकार नसून तिची जमीन आहे, हे वर्गात सांगणे सोपे असते. सुपाच्या वाडग्यावरून ऐकणे वेगळे असते.

मात्र दाजींचा खरा शब्द होता ‘असू दे’. वेटर ताट उचलायला आला की ‘असू दे’, म्हणजे अजून संपलेले नाही. रस्सा टेबलक्लॉथवर सांडला की ‘असू दे’, म्हणजे त्यात काय एवढे. कोणी आभार मानले की ‘असू दे’. पाव पुढे केला की ‘असू दे’, म्हणजे ठेव इथे. आणि दुसऱ्यांदा पुढे केला की तेच शब्द, म्हणजे आता नको. तिसऱ्या दिवशी मोहाच गाव मागे पडले तेव्हा सगळे टेबल ‘असू दे’ म्हणू लागले होते. वेल्सच्या गुरुजींनी तो शब्द कागदी रुमालावर रोमन लिपीत लिहून घेतला आणि त्याचा नेमका अर्थ मला विचारला. मी भाषाशास्त्राच्या शिस्तीने चार अर्थ सांगितले. त्यांनी चारही लिहून घेतले, आणि त्याच संध्याकाळी वाइनचा पेला पडल्यावर त्यांनी तो शब्द पाचव्याच अर्थाने पण अचूक वापरला.

३

येथे थांबून लेख संपवला असता तर तो पुष्कळांना आवडला असता. परक्या देशात भाषेविना हृदये जुळल्याचा प्रसंग आपल्या प्रवासवर्णनांत वारंवार येतो. खाणाखुणांनी झालेली फजिती, मग हशा, मग मानवतेची भाषा एकच असल्याचा निर्वाळा. मीही मनातल्या मनात तसा एक परिच्छेद रचू लागले होते. चौथ्या दिवशी तो मोडला.

त्या दिवशी जहाज क्रोएशियातील वुकोवारला लागणार होते. वुकोवारचे नाव वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असेल. युगोस्लाव्हिया फुटत असताना १९९१ मध्ये ८७ दिवसांच्या वेढ्यात हे गाव उद्ध्वस्त झाले. येथल्या सर्ब आणि क्रोट लोकांना एकमेकांचे बोलणे समजायला दुभाष्या लागत नाही. तरीही २०१३ साली, सर्बांची संख्या एक-तृतीयांशाहून अधिक असल्याने कायद्यानुसार, सरकारी कचेऱ्यांवर लॅटिन व सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांतले फलक लागले, तेव्हा ते हातोड्यांनी फोडण्यात आले. सीमाभागातील फलकांचे राजकारण जवळून पाहिलेल्या कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला जड जात नाही. आमच्या टेबलाला वाढणारा तरुण सर्बियाचा होता आणि पेये आणणारी मुलगी क्रोएशियाची. दोघे आपसांत भराभर बोलत. तुम्ही कोणती भाषा बोलता, असे मी विचारले तेव्हा मुलीने क्षणभर थांबून उत्तर दिले, “नाश.” हा शब्द त्या प्रदेशात अशा वेळी सर्रास वापरतात, भाषेचे नाव घेण्याचा धोका त्याने टळतो. मी त्याचे मराठी करू गेले आणि अडखळले. त्यांच्या सर्वनामात आपल्यासारखा भेद नाही. मराठीला मात्र ठरवावे लागते : ऐकणाऱ्याला आत घेऊन ‘आपली भाषा’ म्हणायचे, की बाहेर ठेवून ‘आमची भाषा’. वुकोवारच्या फलकांचे सारे भांडण या दोन मराठी शब्दांमधल्या अंतराएवढेच आहे, असे मला त्या वेळी वाटले, आणि या शोधाने मी जराशी खूशही झाले. दुभाष्याने स्वतःच्या हुशारीवर खूश व्हावे ती ही वेळ नव्हती, हे पुढच्या अर्ध्या तासात कळले.

न्याहारीनंतर दिवसाच्या कार्यक्रमाचा छापील कागद टेबलावर पडलेला होता. आमच्या केबिनला तो जर्मनमधून येई. दाजींनी डाव्या हाताचे बोट कागदावर ठेवले आणि म्हणाले, “पाणी.”

मी पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा म्हणाले, “पाणी.” मला वाटले, त्यांना डेकवर जाऊन नदी पाहायची असेल. अक्का आणि मी त्यांना डेकवर घेऊन गेलो. तेथे त्यांनी नदीकडे पाहिलेही नाही. “पाणी, पाणी,” म्हणत ते परत जिन्याकडे वळले. मग मला वाटले, लघवीला जायचे असेल. ते विचारल्यावर त्यांचा चेहरा अपमानाने लाल झाला. खाली आल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला; पेला खाली पडून फुटला. आजूबाजूची टेबले गप्प झाली. वेल्सचे गुरुजी हळूच म्हणाले, “असू दे,” आणि तो शब्द त्या क्षणी मला असह्य झाला.

इतक्यात गावात नेणारी वाटाडी मुलगी नावे टिपायला आली. मी तिला सांगितले, “त्यांना बरे वाटत नाही. आम्ही तिघे येणार नाही.” हे वाक्य दाजींचे नव्हते. त्यांच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाच्या जागी मी माझी दोन पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्ये ठेवली होती. बाख्तिन वर्गात शिकवताना मी सांगते की आपल्या तोंडातला शब्द निम्मा दुसऱ्याचा असतो. पण दुसऱ्याच्या तोंडातला शब्द आपण सगळाच आपला करून टाकतो तेव्हा काय होते, याचा विचार मी केला नव्हता. दाजींनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि दुपारपर्यंत उघडले नाहीत.

दुपारी जहाज सुटले. अक्काने त्यांना डेकवर खुर्चीत बसवले होते. लाइपत्सिगच्या बाई शेजारी होत्या. गाव मागे सरू लागले तेव्हा उजव्या काठावर झाडांच्या वर एक प्रचंड विटकरी आकार दिसू लागला. वर रुंद, खाली निमुळता, आणि सर्वांगावर तोफगोळ्यांची भगदाडे. तो वुकोवारचा जलकुंभ होता. साठच्या दशकात बांधलेला, पन्नास मीटर उंच. वेढ्यात त्यावर सहाशेहून अधिक मारे बसले. युद्धानंतर तो पूर्ववत न करता भगदाडांसह जपण्यात आला आणि २०२० मध्ये स्मारक म्हणून लोकांना खुला झाला. सकाळच्या फेरीत तेथेच नेणार होते. कार्यक्रमाच्या कागदावर त्याचे छायाचित्र होते, आणि दाजींचे बोट त्यावरच होते. मी बोटाकडे पाहिले नव्हते. शब्द ऐकून पेला भरायला वळले होते.

दाजींनी डावा हात उचलला. “पाणी,” असे ते हळू आवाजात म्हणाले. या वेळी त्यात राग नव्हता. तीस वर्षे ज्यांनी काँक्रीटच्या टाक्यांची गणिते केली, तो माणूस एका टाकीकडे पाहत होता. आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.

४

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि अभ्यासकाची खोड अशी की अपराधाच्या भावनेतही मी विश्लेषण करीत राहिले.

पहिला अर्थ आपल्या शास्त्राचा. पाणी या आधेयावरून टाकी हा आधार लक्षित झाला. ‘गंगेवर गौळवाडा’ यातील प्रवाहावरून जसा तीर, तसा. मुख्यार्थाला बाध आला होता, आणि तो वक्त्याने स्वतः, पेला दूर सारून, मला दाखवून दिला होता. दोनदा दाखवला होता. तरीही मी एका मुख्यार्थाकडून दुसऱ्या मुख्यार्थाकडे गेले : पिण्याचे पाणी नाही तर नदीचे पाणी, नदीचे नाही तर शरीराचे. लक्षणेच्या वाटेला मी गेलेच नाही. ज्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे लिहिले असते, त्याला मी शून्य गुण दिले असते.

दुसरा अर्थ याकोब्सनचा. १९५६ च्या आपल्या निबंधात त्याने वाचाघाताचे दोन प्रकार मांडले. एकात निवडीचा, म्हणजे सादृश्याचा अक्ष ढासळतो; दुसऱ्यात जोडणीचा, म्हणजे सान्निध्याचा. रूपक आणि अजहल्लक्षणादी सान्निध्यमूलक प्रयोग यांची साहित्यविचारात सर्वपरिचित झालेली जोडी तेथूनच आली. दाजींचे बोलणे पाहिले तर वाक्य मोडलेले, प्रत्यय गळालेले, सुटे शब्द उरलेले. म्हणजे त्यांचा बिघाड जोडणीच्या अक्षाचा. याकोब्सनच्या म्हणण्याप्रमाणे अशा रुग्णाजवळ सादृश्य उरते आणि सान्निध्य जाते. मग पाण्यावरून टाकीकडे जाणारी ही सान्निध्याची झेप त्यांना कशी साधली? की ती झेप नव्हतीच, आणि ‘पाण्याची टाकी’ या जोडणीतला दुसरा घटक व षष्ठीचा प्रत्यय तेवढे गळून पडले होते? म्हणजे मी जिला लक्षणा म्हणते आहे, ती केवळ पडझड होती?

तिसरा अर्थ मला अक्काच्या एका वाक्यावरून सुचला. जलकुंभाला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो सामासिक आहे आणि त्याचे पूर्वपद ‘वासर’, म्हणजे पाणी. तो शब्द दाजींनी नोकरीत हजारो वेळा उच्चारला असेल. कागदावरही तोच छापलेला होता. त्यांनी तो वाचला असेल, त्याचे पूर्वपद त्यांच्या हाती लागले असेल आणि जिभेवर येताना ते मराठी झाले असेल. तसे असेल तर ते एकच शब्द बोलले नाहीत. त्यांनी एक भाषांतर केले, आणि ते अर्ध्यावर राहिले.

या तिन्हींपैकी खरा अर्थ कोणता, हे ठरवण्याचे साधन माझ्याजवळ नाही. समीक्षेत आपण अशा स्थितीला अनेकार्थता म्हणतो आणि तिचे कौतुक करतो. कवितेच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण कविता आपल्याला चुकीचे समजल्याबद्दल टेबलावर हात आपटत नाही. ज्याला एकच अर्थ सांगायचा होता आणि तो सांगता आला नाही, त्याच्या शब्दावर अनेकार्थतेचा शिक्का मारणे मला त्या रात्री बरे वाटले नाही. आजही वाटत नाही. अर्थाची अनिश्चिती आणि अर्थाची अडवणूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या परिभाषेत दुसरीसाठी मला शब्द सापडत नाही.

५

पुढे बेलग्रेड आले, मग लोहद्वाराची घळ. तेथे १९७२ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयात आदा काले नावाचे बेट बुडाले. त्यावर तुर्की बोलणारी वस्ती होती, ती पांगली. त्याच घळीत रोमन सम्राट त्रायानच्या रस्त्याची नोंद करणारा लॅटिन शिलालेख आहे. धरण होताना तो कापून वर उचलून बसवला गेला, आणि आजही जहाजावरून दिसतो. मेलेल्या भाषेचा दगड वाचवता आला. जिवंत भाषा बोलणारी माणसे मात्र एकत्र ठेवता आली नाहीत.

त्या संध्याकाळी अक्का डेकवर माझ्याशी बोलली. थोरला मुलगा बालवाडीत गेला तेव्हा तेथल्या बाईंनी सांगितले होते की घरी दोन भाषा बोलू नका, मूल गोंधळते. अक्का-दाजींनी ते ऐकले. मुलांशी जर्मन, आपसांत मराठी असे ठरले. दोन्ही मुले उत्तम शिकली. आज त्यांना मराठी येत नाही आणि बापाला जर्मन येत नाही. “बापाशी बोलायला आले की पोरं माझ्या तोंडाकडं बघतात,” अक्का म्हणाली. “मी मेले तर काय करतील?” परदेशस्थ मराठी कुटुंबे मुलांना मायबोली देत नाहीत, असा सूर लावणारा एक लेख मी पूर्वी लिहिला होता. अक्काने तो वाचला होता. त्याचा उल्लेख तिने त्या वेळी केला नाही.

बहुभाषक माणसाची वाचा परतताना आधी शिकलेली भाषा आधी येते, असे रिबोच्या १८८१ च्या सिद्धान्तावरून मानले गेले. सर्वांत सरावाची भाषा आधी येते, असे पित्रने १८९५ मध्ये मांडले. दाजी रिबोच्या बाजूचे निघाले. पण त्यांच्या सगळ्या चाचण्या जर्मनमध्ये झाल्या होत्या. कागदोपत्री त्यांची भाषा जवळजवळ शून्य होती, कारण जी उरली होती तिच्यात कोणी त्यांना प्रश्न विचारलाच नव्हता. डॅन्यूबच्या काठाने किलोमीटरचे फलक आहेत. ही नदी उगमापासून मोजत नाहीत. मुखाशी, सुलिना येथे शून्य धरून वर मोजत येतात. मोजणी कोठून सुरू करायची हा निर्णय मोजणाऱ्याचा असतो.

रुसे हे प्रवासाचे शेवटचे गाव. १९०५ साली एलियास कानेत्ती येथे जन्मला. घरात लादिनो, मोलकरणींकडून बल्गेरियन. आईवडील एकमेकांशी जर्मन बोलत, आणि ती मुलांना कळू नये अशी त्यांची खासगी भाषा होती. वडील गेल्यावर आईने आठ वर्षांच्या या मुलाला ती भाषा कठोरपणे शिकवली, आणि तिच्यात लिहूनच त्याने पुढे १९८१ चे नोबेल मिळवले. लहानपणी बल्गेरियनमध्ये ऐकलेल्या गोष्टी त्याला मोठेपणी आठवत, पण जर्मनमध्ये. मूळ भाषा विसरून गोष्टी तेवढ्या राहिल्या होत्या. आठवणींच्या पहिल्या खंडाला त्याने वाचलेल्या जिभेवरून नाव दिले आहे. कानेत्तीची गोष्ट मी वर्गात भाषांतराच्या संदर्भात सांगत आले आहे. दाजींच्या बाबतीत नेमके उलटे घडले होते. भाषा परत मूळची झाली. त्रेचाळीस वर्षांच्या गोष्टी मात्र ज्या भाषेत घडल्या तीच नाहीशी झाल्याने आत अडकून पडल्या.

रुसेच्या धक्क्यावर टेबलातल्या आठ जणांनी निरोप घेतला. लाइपत्सिगच्या बाईंनी मला अक्कामार्फत सांगितले की वुकोवारच्या सकाळी त्यांनाही काहीच समजले नव्हते; त्यांना वाटले होते, दाजींना औषधासाठी पाणी हवे आहे. हे सांगितल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांना भाषेविना सारे समजले होते असे त्या म्हणाल्या असत्या, तर मला त्यांचा राग आला असता. लियोंच्या बाईंनी दाजींचा डावा हात हातात घेतला. “सात दुणे चौदा,” त्या म्हणाल्या. उच्चार जवळजवळ शुद्ध होता.

परतल्यावर थोरल्या भाच्याने मला एक काम सांगितले. बाबा जे मराठी शब्द बोलतात त्यांची यादी करून दे, समोर अर्थ लिही. मी त्रेचाळीस शब्द लिहिले. रोमन लिपीत शब्द, समोर इंग्रजीत अर्थ. ‘असू दे’पुढे चार अर्थ लिहिले आणि पाचव्यासाठी एक ओळ कोरी सोडली. ‘पाणी’ला मी कागदाचे एक अख्खे पान दिले. वर ‘पिण्याचे पाणी’ एवढाच पहिला अर्थ लिहिला, त्याखाली वुकोवारच्या जलकुंभाचे नाव व तारीख, आणि पुढे काहीच लिहिले नाही. यापेक्षा अधिक प्रामाणिक कोशनोंद मला करता आली नसती.

तीन महिन्यांनी त्याने त्या पानाचे छायाचित्र पाठवले. खाली त्याने आपल्या हस्ताक्षरात, जर्मनमध्ये, आणखी तीन नोंदी केल्या होत्या. अक्काने मला त्या फोनवर वाचून दाखवल्या : पाऊस थांबला आहे. नळ नीट बंद कर. आणि तिसरी, जिच्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह दिले होते : मला आमच्या गावाकडची नदी बघायची आहे.